आयर्विनचा आकडा आणि आमची सकाळची मीटिंग

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सुट्टी आहे म्हणून बसलोय. विषय एक्झिक्युटिव्ह कोचिंगचा आहे, म्हणजे मॅनेजर लोकांना कोच लावतात त्याचा, पण सुरुवात वाळूपासून करावी लागेल.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत प्लँट हेड आहे, धातू वितळवून साच्यात ओतून पंपाची कास्टिंग्ज करतो आम्ही. दोनेक वर्षांपूर्वी मालकांनी ठरवलं की आता अंदाजपंचे काम बंद, वाळूची लॅब टाकायची, टॅब घ्यायचे, दर तासाला रीडिंग भरायचं. ज्यांनी फाउंड्री बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचा साचा ओल्या वाळूचा असतो, वाळूत बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकणमाती), कोळशाची पूड आणि साधारण ३ ते ४ टक्के पाणी. पाणी जास्त झालं की तापलेला रस ओतल्यावर वाफ धरते आणि कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वाफेची भोकं, पडतात, कमी झालं की साच्याची कड ढासळते आणि तीच वाळू कास्टिंगमध्ये जाऊन बसते. एवढ्याशा फरकात अख्ख्या शिफ्टचं काम भंगारात जातं.

आणि हे पाणी आजवर ओळखायचे आमचे मेस्त्री. वाळू उचलायची, मूठ घट्ट आवळायची, उघडायची, बोटांचे ठसे नीट उमटलेत का बघायचं, मग तो मुटका मधोमध मोडायचा, तुटलेली कड धारदार आली की मान हलवायची आणि पुढचं काम. तीस वर्षं हेच. लॅब आली तेव्हा मला म्हणाले, "साहेब, त्या मशीनला कळंस्तोवर माझ्या मुठीला कळलेलं असतंय." मी हसून सोडून दिलं. तिथंच चुकलो, पण तेव्हा कळलं नाही.

लॅब सुरू झाली, ट्रेनिंग झालं, पेढे वाटले. महिन्याभराने मी टॅबवरचा डेटा काढला तर ३.५, ३.५, ३.५, ३.५, सकाळी सातला पण तेच, दुपारी दोनला पण तेच, आणि एंट्रीची वेळ बघितली तर सगळ्या शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी भरलेल्या. रिजेक्शन मात्र होतं तिथंच. मी भडकलो. मीटिंग घेतली, नोटीस लावली, इन्सेंटिव्ह कापायची भाषा केली. मग आकडे थोडे हलायला लागले, ३.४, ३.६, ३.५, म्हणजे खोटंच पण जरा मेहनतीने केलेलं खोटं.

मालकांनी त्या सुमारास पुण्याच्या एक कोच मॅडम लावल्या, माझ्यासाठी. खरं सांगतो मला अपमान वाटला होता. मला वाटलं आता या येऊन मला मॅनेजमेंट शिकवणार. पहिल्या मीटिंगला मालक, मी आणि मॅडम तिघं बसलो, काय बदललेलं दिसायला हवं ते सगळ्यांसमोर ठरलं, आणि मग मॅडमनी मालकांना तिथंच सांगितलं की याच्यापुढे आम्हा दोघांत जे बोलणं होईल ते तुम्हाला कळणार नाही, प्रगती काय ते हे स्वतः सांगतील. पैसे मालक देणार आणि तरी त्यांना सांगणार नाही! पण ही अट नसती तर मी तोंड उघडलंच नसतं. ज्यांना कंपनीकडून कोच मिळतोय त्यांनी हे पहिल्या दिवशी साफ करून घ्या.

दुसरी गोष्ट, कोच म्हणजे कन्सल्टंट नव्हे. कन्सल्टंट उत्तर देऊन जातो, कोच प्रश्न विचारून थांबतो, आणि ते थांबणं फार जड जातं. त्यांची एक साधी पद्धत असते, ग्रो म्हणतात, गोल, रिअ‍ॅलिटी, ऑप्शन्स, विल. म्हणजे कुठं जायचंय, आत्ता कुठं आहोत, रस्ते कुठले, आणि नक्की काय करणार. मी गोल सांगितला की लगेच ऑप्शन्सवर उडी मारायचो, कॅमेरा लावू, बायोमेट्रिक जोडू. मॅडम मला परत रिअ‍ॅलिटीवर आणायच्या. तीन सेशन आम्ही तिथंच होतो. त्यांनी माझ्या हाताखालच्या आणि बरोबरीच्या आठ जणांशी बोलून फीडबॅक आणला होता, नावं न देता. त्यात एक वाक्य होतं, "साहेब विचारतात, पण उत्तर त्यांचं आधीच ठरलेलं असतं." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग एका सेशनला त्यांनी विचारलं, "जो माणूस खराब आकडा लिहितो त्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं?" मी गप्प. जुलै महिना होता, बाहेर धो धो पाऊस, आणि माझा मोबाइल टेबलावर सारखा वाजत होता. त्या म्हणाल्या काय आहे बघून घ्या. मी म्हटलं काही नाही, आयर्विनचे मेसेज आहेत. मग त्यांना समजावून सांगितलं की सांगलीत कृष्णेवर १९२९ चा आयर्विन पूल आहे, पावसाळ्यात अख्खी सांगली एकच प्रश्न विचारते, आयर्विनला किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं. आकडा आला की कोण सामान माडीवर चढवतं, कोण गाडी विश्रामबागला पाहुण्यांकडे नेऊन लावतं. आणि हे सांगता सांगता मीच थांबलो. कारण पाणी वाढलं म्हणून आकडा सांगणाऱ्याला कुणी झापत नाही. आणि आमच्याकडे सकाळी नऊच्या मीटिंगला माझा पहिला प्रश्न असायचा, "कुणाच्या शिफ्टला?"

मॅडमनी नंतर कर्ट लेविनचा विचार सांगितला, १९४० च्या दशकातला मानसशास्त्रज्ञ. बदलाला पुढे ढकलणारी बळं असतात तशी मागे धरून ठेवणारी पण असतात, आणि नुसतं ढकलत राहिलं की ताण वाढतो, त्यापेक्षा धरून ठेवणारं बळ सैल करावं. आमच्याकडे धरून ठेवणारं बळ माझा तो प्रश्न होता. मी इतके महिने ढकलत होतो आणि दोरी माझ्याच हातात होती.

प्रश्न बदलला. "आकडा कधी कळला आणि तेव्हा काय केलं?" एवढंच. दोन आठवडे कुणाचा विश्वास बसला नाही, सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, हे नाटक किती दिवस टिकतंय म्हणून. आणि एकदा मी घसरलो, जुनाच प्रश्न तोंडातून गेला, तर त्या दिवशी टॅबवर परत ३.५. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं.

मेस्त्रींकडे मात्र वेगळं जावं लागलं. लॅबने त्यांचं काम सोपं केलं असं मी समजत होतो, प्रत्यक्षात त्यांचा शब्द काढून घेतला होता. आधी त्यांच्या मानेच्या हालचालीवर लाइन चालायची, आता एक डिप्लोमाचा पोरगा येऊन आकडा सांगायचा. मी त्यांच्यासोबत मिक्सरपाशी चहा घेत बसलो आणि विचारलं, मेस्त्री, मशीन कुठं चुकतंय? आणि ते लगेच म्हणाले, "मशीन नाय ओ चुकत साहेब, वाळू गरम असती, उघड्या घमेल्यातनं लॅबपातुर जाईस्तोवर सुकती, मग कमीच दाखवणार की." इतके महिने कुणीच विचारलं नव्हतं! दुसऱ्या दिवसापासून नमुना झाकणाच्या डब्यात जायला लागला. आणि टॅबवर मशीनच्या रीडिंगच्या आधी एक नवा कॉलम घेतला, "मुठीचा अंदाज". मेस्त्री आधी अंदाज सांगणार, मग मशीन. पहिल्या आठवड्यात पोरांच्यात पैजा लागायच्या. आता तो डिप्लोमाचा पोरगा स्वतः मूठ आवळून बघतो आणि मेस्त्री त्याला कड कशी बघायची ते दाखवतात.

गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळी अकराला मेस्त्रींचा फोन आला, "४.६ हाय, लाइन थांबवलीय, वाळू फिरवून घेतो." टॅब उघडला तर अकरा वाजून दोन मिनिटांनी ४.६ भरलेलं होतं. मी नुसतं बरं म्हटलं आणि फोन ठेवला, हात थरथरत होता माझा.

सेकंड शिफ्टला अजून ३.५ च येतंय. तिथला सुपरवायझर माझ्याच हाताखाली तयार झालाय, माझ्याच जुन्या पद्धतीने बोलतो, त्याला मी काय तोंडाने सांगू. सोमवारपासून आठवडाभर मीच सेकंडला थांबणार आहे, त्याच्या मीटिंगला मागे बसून ऐकणार आहे.