तुम्ही विचारलंत म्हणून: तिला गाण्यातलं काय कळतं?

पक्षी बघायला मंडळींना घेऊन गेलो की चहाच्या वेळी हा प्रश्न ठरलेला. "मादी गाणं ऐकून नर पसंत करते म्हणता, पण तिला त्यातलं कळतं काय?" पूर्वी मी "गोड आवाज" असं सांगून मोकळा व्हायचो. ते काही खरं नव्हे.

मुळात गाणं ऐकून ती येते का, इथपासून तपासावं लागलं. स्वीडनमध्ये माशीमार पक्ष्यांवर झालेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. घरट्याच्या पेट्यांवर नराच्या बाहुल्या बसवल्या, आत सापळे लावले, आणि काही पेट्यांपाशीच गाणं वाजवलं. दहा माद्या सापडल्या. त्यांतल्या नऊ गाणाऱ्या पेट्यांत!

पण मला सगळ्यात आवडते ती कॅनरी. फ्रान्समधल्या संशोधकांनी माद्यांना नुसती ध्वनिमुद्रणं ऐकवली. एरवी फारशी दाद न देणारी मादी एका ठरावीक तुकड्याला मात्र खाली दबायची, शेपटी उचलायची, पंख थरथरवायची. दोन स्वरांची जोडी, सेकंदाला सोळा-सतरा वेळा. पक्ष्याचा कंठ श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे असतो, त्याला दोन बाजू. दोन्ही बाजूंचा मेळ साधायचा, वर दोन जोड्यांच्या मध्ये इवलासा श्वासही चोरून घ्यायचा. लहानपणी आमचे गुरुजी म्हणायचे, "तान घे, पण श्वास कुठे घेतलास ते कळता कामा नये." कॅनरीची मादी हेच ऐकते, असं माझं मत. गोडवा नाही, दमसास. तो उसना आणता येत नाही.

आणि बालपणही. अमेरिकेतल्या दलदलीत राहणाऱ्या एका जातीच्या चिमणीची पिल्लं अर्धपोटी वाढवली, तर मोठेपणी त्यांना गाण्याची नक्कल नीट जमली नाही. गाण्याशी निगडित मेंदूचा भागही लहान राहिला. म्हणजे घरट्यातली उपासमार गाण्यातून बाहेर पडते.

(कोकिळेचं विचारू नका. कुहू करतो तो काळा नर, आणि तो गानपक्ष्यांच्या कुळातलाच नाही.)

परवा विजेच्या तारेवर दयाळ शेपटी उडवत तल्लीन होऊन गात होता. खाली कुंपणापाशी राखाडी मादी किडे वेचत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही. बरोबरच्या काकू हळूच म्हणाल्या, "नापास." तो उडून पुढच्या खांबावर बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.