शिळा दाखला

लिलावाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ग्रेसमीअरच्या यार्डात गेलो तो एका लंगडणाऱ्या वळूचा खूर पाहायला. खुराच्या बेचक्यात खडा अडकला होता, तो काढायला दहा मिनिटे पुरली. हात धुऊन निघणार तेवढ्यात शेजारच्या कप्प्यातल्या जनावरांना वैरण टाकणारा पोरगा सहज बोलून गेला की, आमचा हा राखाडी उद्या किती आणतो ते बघायचे. ऑगस्टमध्ये तीन दिवस आडवा होता, तेव्हा हा काही विक्रीपर्यंत पोचत नाही असेच वाटले होते. मी जागीच थांबलो, कारण त्या राखाडी वळूच्या प्रजननक्षमतेच्या दाखल्यावर माझी सही होती आणि तिची तारीख जुलैची होती.

रॉकहॅम्प्टन हे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातले, मकरवृत्तावर वसलेले शहर. देशाची गोमांसाची राजधानी म्हणून ते स्वतःची ओळख सांगते आणि त्याच्या रस्त्यांवर पुढाऱ्यांऐवजी वळूंचे पुतळे उभे आहेत. शहराच्या पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर ग्रेसमीअरचा जनावरांचा मोठा यार्ड आहे. नोंदणीकृत जनावरांचे पैदासकार वर्षभर जपलेले वळू तिथे एकत्र आणतात आणि दोन-तीन दिवसांत शेकडो वळूंचा जाहीर लिलाव होतो. माझ्या कामाचा मोठा भाग ब्राह्मण जातीच्या वळूंशी येतो. हे नाव मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात असताना पुस्तकात वाचले होते, पण एक तांबड्या चेहऱ्याचा, टोपीवाला शेतकरी फोनवर ‘माझे चाळीस ब्राह्मण तपासायचे आहेत’ असे म्हणतो तेव्हा मिरज तालुक्यातून आलेल्या माणसाला गंभीर राहणे पहिल्या वर्षी तरी जड जाते.

जनावर मात्र परके वाटत नाही. ओंगोल, गीर, कांक्रेज आणि थोडी आमच्या कृष्णाकाठची जनावरे यांच्या संकरातून अमेरिकेत ही जात घडली. तिथे पैदासकारांचा संघ १९२४ मध्ये स्थापन झाला आणि १९३३ मध्ये अमेरिकेतून ती जनावरे क्वीन्सलँडमध्ये आली, कारण इथल्या उष्म्यात आणि गोचिडांत युरोपीय गुरे टिकत नव्हती. वशिंड, मानेखालची लोंबती पोळी, लांब कान, राखाडी अंगावर खांद्याशी गडद होत जाणारी छटा, हे सगळे मी लहानपणी पाहिलेलेच आहे. फरक एवढाच की आमच्याकडे ते जनावर काळ्या रानात नांगर ओढण्यासाठी जोपासले गेले आणि इथे मांसासाठी. घरी आई शेजाऱ्यांना ‘तो जनावरांचा डॉक्टर आहे’ इतकेच सांगते, पुढचा खुलासा ती करत नाही आणि मीही तिला करायला लावत नाही.

आजोबा मला खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलारांचा बाजार दाखवायला नेत. तिथे हेडी माणूस रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव सांगे. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नसे. जनावराचे दात मोजले जात, भोवरे पाहिले जात, चालवून पाहिले जात आणि बाकी सगळे त्या दोन माणसांच्या नजरेवर असे. इथे ते नेमके उलटे आहे. प्रत्येक वळूची आई, बाप, आजे यांची नोंद संघाच्या वहीत असते, डीएनएवरून बाप पडताळलेला असतो, शिंगे नसण्याचा गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आला आहे की दोघांकडून तेही छापलेले असते. विक्रीच्या पुस्तिकेत वजनाशेजारी, पाठीवरच्या चरबीच्या मिलिमीटरांशेजारी, अंडकोशाचा घेर आणि वीर्याचे आकडे असतात. आणि बोली भर मंडपात ओरडून लागते. हे सगळे मला फार आवडले होते, कारण इथे काहीच रुमालाखाली राहत नाही अशी माझी समजूत होती.

राखाडी वळूचे माझे जुलैचे आकडे उत्तम होते. घेर ३८ सेंटिमीटर, सरळ पुढे पोहणारे शुक्राणू ७५ टक्के आणि प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालात रचनेने निर्दोष शुक्राणू ८१ टक्के. सत्तरच्या वर असले की वळू उत्तीर्ण, पन्नास ते सत्तरच्या मध्ये असले की सशर्त, पन्नासच्या खाली नापास, असा इथला ढोबळ दंडक आहे. पुस्तिकेत ते ८१ ठळक दिसत होते. पण तीन दिवस आडवा पडणे म्हणजे इथे ज्याला थ्री-डे सिकनेस म्हणतात तो ताप, म्हणजे आपला तिवा. नावातसुद्धा तेच तीन दिवस. डास आणि चिलटे तो पसरवतात, म्हणून एरवी तो पावसाळ्यात येतो. इथे ऑगस्ट म्हणजे थंडी, पण त्या वर्षी थंडीत बिगरमोसमी पाऊस होऊन तळी भरली होती. जनावराला जोराचा ताप भरतो, सांधे आखडतात, तोंडातून लाळ गळते, आणि जितके जनावर वजनदार तितका तडाखा अधिक. चौथ्या दिवशी ते उठून चरायला लागते आणि मालक विसरून जातो. अंडकोश मात्र विसरत नाहीत. वळूमध्ये शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात, नंतर वाहिनीतून पुढे यायला आणखी आठ-दहा दिवस. तापाने होरपळलेल्या पेशी आज घेतलेल्या वीर्यात दिसत नाहीत, त्या काही आठवड्यांनी दिसतात. ऑगस्टच्या चोवीस तारखेचा ताप आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला लिलाव म्हणजे सहा आठवडे. वळू वरून तुकतुकीत दिसण्याची आणि आतून सर्वांत वाईट असण्याची वेळ नेमकी तीच.

इथे माझीही एक चूक होती. जुलैच्या भेटीत मीच त्या वळूंना तिव्याच्या लशीचा पहिला डोस दिला होता. या लशीचे दोन डोस पडल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुसऱ्याची तारीख मी माझ्या वहीत लिहिली, मालकिणीला तोंडी सांगितली, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे गुरे गोळा करण्याची धांदल सुरू असताना पुन्हा फोन करून विचारण्याचे राहून गेले.

मालकीणबाई साठी ओलांडलेल्या. नवरा गेल्यानंतर कळप त्यांनीच सांभाळला. चहाच्या टपरीशी त्या दलालाबरोबर बसल्या होत्या. मी विचारले तेव्हा त्यांनी लपवाछपवी केली नाही, ताप आला होता हे लगेच मान्य केले. त्याचा आणि दाखल्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात आलेच नव्हते. दलालाच्या मात्र आले होते, किंवा त्याला ते चटकन कळले. तो शांतपणे म्हणाला की विक्रीच्या अटीप्रमाणे दाखला मुदतीत आहे, तारीख छापलेली आहे, घेणाऱ्याला वाचता येते. त्याचे म्हणणे नियमाने बरोबर होते. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, “तू दिलेला कागद खोटा आहे का?”

“खोटा नाही,” मी म्हणालो, “शिळा आहे.”

त्यांनी थोडा वेळ काहीच म्हटले नाही. मग चहाचा कप ठेवून म्हणाल्या, “मग ताजा काढ.”

यार्डाच्या मागच्या बाजूला खोडा आहे. दवाखान्यातून यंत्र आणि सूक्ष्मदर्शक घेऊन येईपर्यंत अंधार पडला. आठशे किलोचा तो वळू दिव्याच्या उजेडात खोड्यात इतका निवांत उभा होता की मला त्याच्यासमोर लाज वाटली. विजेच्या सौम्य स्पंदनाने वीर्य घेतले. रंग पातळ दुधासारखा, जुलैत तो सायीसारखा दाट होता, तेवढ्यावरूनच अंदाज आला. कोमट काचपट्टीवर थेंब ठेवून भिंगातून पाहिले. चांगल्या वीर्यात या पायरीला ढग घुसळल्यासारखी लाट दिसते, एकेक शुक्राणू वेगळा ओळखू येत नाही. इथे लाट नव्हतीच. विरळ केलेला थेंब मोठा करून पाहिला तर बरेचसे जागच्या जागी थरथरत होते, काहींच्या शेपट्या गुंडाळलेल्या, काहींची नुसती डोकी सुटी पडलेली. पुढे पोहणारे मी दोनदा मोजले. तीस टक्क्यांच्या खालीच आले. रचनेची नेमकी टक्केवारी प्रयोगशाळेतूनच यायला हवी आणि तिला काही दिवस लागतात, पण त्या रात्री मला आणखी आकड्याची गरज नव्हती. मालकीणबाईंनाही मी भिंगातून पाहायला सांगितले. त्या वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, “हे तर मलासुद्धा कळतंय.”

वळू लिलावातून काढून घेता आला असता. दलालाने तेच सुचवले आणि त्यात काही गैर नव्हते. पण त्या वर्षी विकायला त्यांच्याकडे सहाच वळू होते आणि या राखाडीवर त्यांची भिस्त होती. घरी परत नेला तर त्याला पोसायचे वर्षभर आणि पुढच्या वर्षी तो वयाने मागे पडणार. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, आपल्या पुस्तिकेत ८१ वर आडवी रेघ मारली, शेजारी ‘ताप, ऑगस्ट २४, आज पोहणारे ३० च्या खाली’ असे लिहिले आणि ते पान दलालाच्या हातात दिले. बोलीच्या आधी हे असेच वाचायचे, त्यात एक शब्द गुळगुळीत करायचा नाही, एवढे सांगून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला होता. पायऱ्यांवर माणसे, टोप्या, मांडीवर पुस्तिका. न येऊ शकलेले लोक इंटरनेटवरून बोली लावत होते. वळू एका दारातून आत येतो, वाळूच्या रिंगणात दोन फेऱ्या मारतो आणि दुसऱ्या दारातून जातो. लिलाव पुकारणारा तेवढ्या वेळात श्वास न घेता आकडे चढवतो आणि कडेला उभे असलेले त्याचे साथीदार बोली दिसली की हात वर करून आरोळी ठोकतात. राखाडीच्या आधीचा वळू चौदा हजार डॉलरला गेला. मग राखाडी आला, मान उंच करून, आणि पुकारणाऱ्याने तो कागद जसाच्या तसा वाचला. वाचून झाल्यावर मंडपात जी शांतता पसरली ती मी दुसऱ्या कुठल्याही लिलावात ऐकलेली नाही. दहा हजार मागितले, कोणी हलले नाही. आठ, मग पाच. मी मनात कत्तलखान्याचा हिशेब करत होतो, आठशे किलो, किलोला तीन डॉलरच्या आसपास, म्हणजे चोवीसशेच्या फारसा खाली तो जाणार नाही एवढाच काय तो आधार. तीन हजारांवर मागच्या पायरीवरून एक बोट वर झाले. पुढे दोघांत पाचशेपाचशेने चढत साडेसहा हजारांवर हातोडा पडला. मालकीणबाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी पुस्तिकेत किंमत लिहिली आणि पुढच्या वळूचे पान उलटले.

घेणारा माणूस दुपारी मला शोधत आला. उत्तरेकडे त्याचे मोठे रान होते आणि तो जानेवारीत वळू गाईंत सोडतो. त्याने मला एकच गोष्ट विचारली, ताप नेमका कोणत्या तारखेला आला. मी सांगितल्यावर तो बोटांवर आठवडे मोजू लागला. जानेवारीपर्यंत अठरा होत होते. मी त्याला बजावले की दोन-तीन महिन्यांत बहुतेक वळू सावरतात, पण काही सावरत नाहीत; सोडण्याआधी पुन्हा तपासून घ्या, मी कसलीही हमी देत नाही. तो म्हणाला की हमी हवी असती तर चौदा हजार देऊन शेजारचा घेतला असता. ती बोटे मोजण्याची लकब पाहून मला आजोबांच्या बाजारातले हेडी आठवले, मात्र याचा हात रुमालाबाहेर होता.

डिसेंबरच्या शेवटी त्याने तिकडच्या पशुवैद्याकडून तपासणी करून घेतली आणि अहवाल मला पाठवला. पोहणारे ६०, निर्दोष ५८. म्हणजे उत्तीर्ण नाही, नापासही नाही, सशर्त. शंभर गाईंना अडीच सक्षम वळू पुरेत, असे इथले संशोधन सांगते. या राखाडीच्या वाट्याला त्याने वेगळ्या कुंपणात वीसच गाई दिल्या. मी हे मालकीणबाईंना फोन करून कळवले. वासरे किती होतात ते समजले की सांग, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मार्चमध्ये त्यांचाच फोन आला. नव्या वर्षीच्या विक्रीसाठी आठ वळू काढले होते. तपासणीला कधी येशील ते नंतर ठरवू, त्या म्हणाल्या, आधी वही उघड आणि दुसऱ्या डोसची तारीख लिहून घे, मी पण लिहिते आहे.