अंगठा करंगळीला लागेना

आमचं काम मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या सांभाळायचं. राहायला ठाण्याजवळ कळव्यात, साइट मात्र पार मुरबाडच्या पुढे टोकावड्यापर्यंत. जानेवारीतल्या एका पहाटे तिकडचाच टॉवर बंद पडल्याचा फोन आला. सोबत नवीन लागलेला पोरगा, स्वतःच्या गाडीवर. अंगात जाडजूड हुडी, हात उघडे. "दादा, आपल्याकडे कुठे थंडी असते?"

ठाण्यात नसतेच. खाडीकाठच्या दमट हवेत स्वेटर कपाटातच राहतो. पण शहाडचा पूल ओलांडून म्हारळ, कांबा मागे पडलं की हवा पालटते, आणि रायत्याच्या पुलावर उल्हास नदीचं धुकं थेट अंगावर येतं.

सरळगावला चहाला थांबलो, तर पोराला गाडीची किल्ली फिरवता येईना. टपरीही अजून उघडली नव्हती, तसेच पुढे निघालो. साइटवर पोचल्यावर म्हणाला, "मी करतो." बॅटरी बँक ४८ व्होल्टची, २ व्होल्टचे २४ सेल ओळीने. शॉकची भीती फारशी नसते. भीती पान्याची. तो दोन टर्मिनलवर आडवा पडला की प्रचंड करंट वाहतो, ठिणग्या आणि वितळलेला धातू तोंडावर. म्हणून पान्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. पहिल्याच नटाला पाना सुटला. नशीब, पायापाशी पडला.

"थांब. अंगठा करंगळीला लाव बघू."

लागेना. अंगठा निम्म्या वाटेत थरथरत राहिला. पोरगा हसला, पुन्हा प्रयत्न केला, मग हसायचा थांबला.

लगेच बाहेर पळाला आणि गाडीच्या इंजिनवर हात ठेवायला गेला. मी दंड धरून मागे ओढला. बधिर कातडीला चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतो. हात काखेत घालून बस म्हटलं.

हुडी जाड होती हो, पण सुती आणि सच्छिद्र, वारा आरपार जाणारी. पारा १० वर असताना गाडी ६० ने चालली, तर उघड्या कातडीला ५ अंशांचा गारठा लागतो. आणि छाती गार पडली की शरीर हातापायांचं रक्त आखडतं, आतलं काळीज सांभाळायला. म्हणून नुसते हातमोजे घालून भागत नाही, आधी छाती झाकावी लागते. हातमोजेही घट्ट नकोत, रक्त अडतं.

थोड्या वेळाने अंगठा करंगळीला टेकला. तोवर नट मीच आवळून टाकले होते.

परतताना सरळगावच्या टपरीवरून कालचा पेपर मागून घेतला, घडी करून हुडीच्या आत छातीवर लावला, वरून माझ्या डिकीतला रेनकोट चढवला. चहावाला विचारतोय, "पाऊस हाय का काय मुंबईकडं?" विचारू दे. जॅकेटवर हजारो रुपये घालणाऱ्यांपेक्षा आमचे दूधवाले शहाणे. रेनकोट, माकडटोपी, हॅण्डलला रेक्झिनची कव्हरं, बास.

कंपनीच्या सेफ्टी किटमध्ये हेल्मेट, बेल्ट, रबरी हातमोजे आहेत. वारा अडवणारं काहीच नाही. मी मागणी टाकली, तर साहेब म्हणाले, ठाण्याच्या ऑफिसला कशाला लागतंय? पोराने मात्र पगार झाल्यावर हॅण्डल कव्हरं घेतली, तीही एक सोडून दोन जोड.