घाटवाट आणि किनारा : आमच्या पायपिटीची या हंगामातली नोंद

पाऊस सरल्यावर मी आणि माझे यजमान पुन्हा वाटेला लागलो. या हंगामात दोन टप्पे पूर्ण झाले : वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून जीवधन किल्ला, आणि त्यानंतर केळशी ते हर्णै हा किनारा.

नाणेघाटाची वाट मळलेली आहे. खालचे रान संपले की चढ अंगावर येतो आणि वरच्या घळीत जुन्या दगडी पायऱ्या लागतात. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख असलेल्या गुहेत आम्ही बराच वेळ काढला. यज्ञांत दिलेल्या गायी, हत्ती आणि कार्षापणे म्हणजे त्या काळची नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, त्यामुळे खिंडीच्या माथ्यावरचा, जकातीसाठी होता असे सांगितला जाणारा दगडी रांजण त्यानंतर पाहिला, की कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाराचा पसारा नीट लक्षात येतो. जीवधनला कल्याण दरवाजाच्या बाजूने गेलो. पायऱ्या उद्ध्वस्त झालेल्या जागी छोटा कातळटप्पा आहे. पकडी चांगल्या असल्या तरी पाठीवर सॅक असताना दृष्टिभय, म्हणजे खालची खोली पाहून वाटणारी भीती, जाणवतेच, म्हणून आम्ही दोर लावला आणि सॅक वेगळ्या ओढून घेतल्या. वरून वानरलिंगीचा सुळका अगदी जवळून दिसतो.

किनाऱ्याची चाल सोपी, असा समज गिर्यारोहक मंडळींत फार आहे आणि तो मला पटत नाही. डोंगरात सावली आणि पाणी यांचा हिशेब करावा लागतो. किनाऱ्यावर सावली नसतेच, शिवाय भरतीचाही हिशेब करावा लागतो. कोरड्या वाळूत पाऊल रुतते आणि पोटऱ्या भरून येतात, तर ओहोटीने नुकत्याच उघड्या पडलेल्या ओल्या वाळूवर बूट जेमतेम उमटतो आणि चालीला लय सापडते. हा ओला पट्टा कधी मिळेल हे काढायला दर्यावर्दी लोकांचा जुना आडाखा पुरतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यापासून साधारण सहा तासांनी ओहोटी. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हे त्यात आलेच. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते आणि उधाणामुळे पाणीही खूप मागे जाते, म्हणजे उन्हाआधी चालणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. अष्टमीच्या आसपास मात्र भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, त्यामुळे पाणी कमी हटते आणि तेही नेमके भर दुपारी. आमच्या घरी आता सुट्टीचा अर्ज कालनिर्णय पाहिल्याशिवाय जात नाही.

केळशीहून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. आडे, पाडले, आंजर्ले या पुळणींच्या (वाळूच्या किनाऱ्यांच्या) मध्ये डोंगराच्या सोंडा थेट समुद्रात उतरतात. तिथे खडकांवरून आडवे जाण्याचा मोह टाळून आम्ही सरळ वरची वाट धरली, कारण शेवाळलेल्या खडकावर घाटातल्या बुटांचा काही उपयोग होत नाही. जाळे सोडवत बसलेल्या एका काकांनी यजमानांना बजावलेही, “भाऊ, पाणी वळलं की खडकात थांबायचं नाही.” कड्यावरच्या गणपतीचे दर्शन घेऊन, जोग नदीची खाडी पुलावरून ओलांडून हर्णैला पोहोचलो तेव्हा सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव रंगात आला होता.

पुढचा टप्पा बाणकोट ते वेळास असा ठरला आहे आणि तो फाल्गुनातल्या अमावास्येला धरून करायचा आहे. त्या काळात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर असतात, तेव्हा अंधारात त्या पट्ट्यातून चालायचे नाही आणि विजेरीही पेटवायची नाही, एवढे आमचे ठरलेले आहे. वेळासहून केळशीकडे येताना आडवी येणारी खाडी एस.टी.ने वळसा घालून टाळू, म्हणजे बाणकोटपासून हर्णैपर्यंतचा पट्टा जोडला जाईल.