तुम्ही विचारलंत म्हणून: धातूचे ट्रॅक कशासाठी?

"किटमध्ये ट्रॅक आलेले असतातच ना, मग वेगळे पैसे मोजून धातूचे कशाला घेता?" मी किट जोडून केलेली रणगाड्यांची छोटी मॉडेल पाहणारा माणूस हे विचारतोच. (ट्रॅक म्हणजे चाकांवरून फिरणारा साखळीसारखा पट्टा.) आणि जरा जवळ जाऊन बघितलं की पुढचा प्रश्न: "याला रंग कुठला मारला?" रंग मारलेला नाही, हेच त्याचं उत्तर. पण मग बाकीचंही सांगावं लागतं.

धातूचे ट्रॅक घ्यायचं खरं कारण म्हणजे झोळ. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन टायगर आणि पँथर किंवा सोव्हिएत टी-३४ यांच्या ट्रॅकला वरच्या बाजूने तोलून धरणारे छोटे रोलर नसतात. ट्रॅक सरळ मोठ्या चाकांच्या डोक्यावर येऊन पडतो आणि दोन चाकांमध्ये किंचित खाली लोंबतो. खऱ्या रणगाड्यात हे काम वजन करतं. किटमधला विनाइलचा अखंड पट्टा मात्र ताठच राहतो. त्याला दोऱ्याने खाली बांधा, चाकांना चिकटवा, वर कापूस दाबून ठेवा. लोक हे सगळं करतात आणि चांगलंही करतात. प्लास्टिकच्या सुट्या लिंकही, म्हणजे ट्रॅकच्या कड्या, असतात, त्यांचा झोळ गोंद ओला असतानाच हाताने द्यावा लागतो, म्हणजे आपण तो ठरवतो. व्हाइट मेटलची, म्हणजे कथिलाच्या मऊ मिश्रधातूची लिंक पिनेवर मोकळी फिरते आणि स्वतःच्या वजनाने जिथे पडायचं तिथे पडते. झोळ आपण काढत नाही, तो येतो. फ्रिउलमॉडेल या कंपनीचे १:३५ मापाचे ट्रॅक या छंदात इतके मानले जातात ते यामुळेच.

किंमत मोजावी लागते ती चिकाटीची. टायगरला एका बाजूला ९६ लिंक, पँझर-४ ला ९९, टी-३४ ला ७२. दोन्ही बाजूंचा गुणाकार तुम्हीच करा. प्रत्येक लिंकच्या कडेला ओतकामाची पातळ पापुद्री राहिलेली असते, ती पात्याने काढायची. मग भोकं. ती साच्यातच आलेली असतात, पण बऱ्याचदा मध्येच बुजलेली. अर्धा मिलिमीटरच्या आसपासचं ड्रिल बिट पिन व्हाइसमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या छोट्या मुठीत, धरून हाताने फिरवायचं. मोटरच्या ड्रिलचा मोह टाळा. हा धातू मऊ आणि चिकट आहे, भुगा बिटाच्या खाचेत भरतो, बिट अडकतं आणि क्षणात मोडतं; मोडलेला तुकडा लिंकमध्येच राहतो, ती लिंक गेली. दोन-चार फेरे दिले की बिट बाहेर काढून पुसायचं. कंटाळवाणं आहे, नाही म्हणत नाही. मला ते आवडतं, पण हे आवडणं प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही.

पिनेसाठी तार सोबत येते, बहुधा गुंडाळलेली. ती काचेवर ठेवून वरून स्टीलच्या पट्टीने दाबत घोळवली की सुतासारखी सरळ होते. टोक कटरने तिरकं कापायचं. तिरक्या कापाचं टोक निमुळतं होतं आणि दुसऱ्या लिंकचं भोक आपणच शोधतं. सरळ कापलं की टोक चपटं होतं आणि तोंडाशीच अडतं. तार आत गेली की बाहेर उरलेलं टोक लिंकच्या कडेपासून अगदी जरासं आत राहील असं कापायचं आणि सुईच्या अग्रावर सुपरग्लूचा थेंब घेऊन त्या भोकाच्या तोंडाला टेकवायचा. नळीतून थेट कधीच नाही. गोंद सांध्यात उतरला तर लिंक फिरायची थांबते, आणि मग धातू घेण्यात अर्थच उरत नाही. आठ-दहा लिंक झाल्या की तुकडा बोटाभोवती वळवून बघायचा. कुठे ताठरला तर तिथेच सोडवायचा.

गोंदाचा ओघळ पुसायचा तो आणखी एका कारणासाठी. पुढची पायरी म्हणजे बर्निशिंग फ्लुइड, धातूला रासायनिक रीतीने काळं करणारं द्रावण. सुपरग्लूचा थर जिथे असेल तिथे ते पोचत नाही आणि काळ्या ट्रॅकवर चंदेरी डाग राहतो. बोटांचं तेलही तेच करतं. म्हणून आधी साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून धुवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमधून काढायचं. अ‍ॅसिटोन वापरू नका, तो सुपरग्लू विरघळवतो आणि पिना सुटतात.

द्रावण आम्लधर्मी असतं, तेव्हा हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि धातूचं सोडून काचेचं किंवा प्लास्टिकचं भांडं. ट्रॅक आत सोडला की त्याचा चंदेरीपणा आधी मळकट होतो, मग तपकिरी झाक येते, मग काळसर. इथे नजर हलवायची नाही. ट्रॅक हलवत राहायचं, म्हणजे सांधे उघडतात आणि आतही रंग पोचतो. हवा तसा काळा दिसला की काढून वाहत्या पाण्यात धुवायचा. जास्त वेळ ठेवला तर वर भुकटीसारखा थर बसतो आणि बोट लागताच निघून येतो. वापरलेलं द्रावण मूळ बाटलीत परत ओतू नये, उरलेलंही नासतं.

इथपर्यंत सगळे साधारण सारखंच करतात. आता यातून पुन्हा धातू उघडा करायचा, आणि तो कुठे, हे खऱ्या ट्रॅकला कोण कुठे घासतं यावर ठरतं. बाहेरून जमिनीला टेकणाऱ्या उंच कडा. आतून चाकं धावतात त्या वाटा आणि मधल्या दातांच्या बाजू. स्प्रॉकेटचे, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे, दात जिथे अडकतात त्या जागा. चाकाला रबरी धाव असेल तर ती वाट गुळगुळीत होते पण तिची चमक मंद असते. टायगरला १९४४ च्या सुरुवातीपासून पोलादी धावेची चाकं आली. तसा टायगर करत असाल तर तीच वाट लखलखीत हवी. बारीक सँडिंग स्पंज सपाट धरून एकदोनदा फिरवला की उंचवटे चमकतात आणि खाचा काळ्याच राहतात. चमकतो तो लिंकचाच धातू, त्याची नक्कल करायला रंग लागत नाही. मातीचा पिगमेंट, म्हणजे मातीच्या रंगाची भुकटी, मी त्याआधी खाचांत बसवतो, म्हणजे घासताना उंचावरची माती आपोआप निघते.

गंजाबद्दल माझं मत जरा ठाम आहे. भगव्या-तपकिरी ट्रॅकचे चालते रणगाडे बघून मला चुळबुळ होते. टी-३४ चे ट्रॅक मँगनीज पोलादाचे, जे रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये शोधलं. मार बसेल तसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. ट्रॅक कुठल्याही पोलादाचा असो, गाडी चालत असेल तर घासणाऱ्या जागांवर गंज टिकत नाही. रात्रभर पावसात उभी राहिली तर पातळ नारिंगी झाक येते, ती थोडं चाललं की जाते. सगळीकडे जाड गंज हवा असेल तर रणगाडा टाकून दिलेला दाखवा, मग कितीही लावा.

टी-३४ ची एक गंमत सांगायलाच हवी. त्याच्या ट्रॅकच्या पिनांना डोकं फक्त आतल्या बाजूला असतं. पिना चालता चालता आत सरकतात, आणि मागच्या स्प्रॉकेटजवळ रणगाड्याच्या धडावर बसवलेली एक पट्टी येणाऱ्या प्रत्येक पिनेला ठोकून पुन्हा जागेवर बसवते. मॉडेलवर ती पट्टी नेटकी हिरवी रंगवलेली दिसली की ओळखावं, रंगवणाऱ्याला ती कशासाठी आहे हे माहीत नव्हतं. ती ओरखडलेली, उघड्या धातूची हवी.

अमेरिकी शर्मन रणगाड्यासाठी मात्र मी धातूचे ट्रॅक सुचवत नाही. त्याच्या पिना रबरी बुशमध्ये, म्हणजे रबरी नळीत, बसतात, वरच्या बाजूला रोलर आधार देतात आणि ट्रॅक ताणलेलाच असतो. रबरी ब्लॉकच्या ट्रॅकवर चमकणार काय, तर कडेचे जोड. तेवढ्यासाठी इतकी भोकं पाडण्यात राम नाही, प्लास्टिकचे उत्तम होतात.

एक व्यवहाराची गोष्ट. हे ट्रॅक जड असतात. किटची सस्पेन्शनची हालणारी आर्म आणि आयडलरचा (ट्रॅक ताणून धरणाऱ्या टोकाच्या चाकाचा) आस आधी पक्के चिकटवा, नाहीतर चाकं वाकडी होतात. शेवटची पिन मी गोंद न लावताच ठेवतो, म्हणजे ट्रॅक उतरवता येतो. ती फेंडरखाली, सहज दिसणार नाही अशी येऊ द्यावी. आणि झोळ मनासारखा पडत नसेल तर एक लिंक खुशाल काढा किंवा घाला. पिना झिजून ट्रॅक लांबला आणि आयडलरने ताणून भागेना, की खरे क्रूही एक लिंक काढूनच टाकत.