कारखान्याची खाती द्विस्तरीय पडताळणीवर नेताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका मशीन शॉपचे हिशेब मी सांभाळतो. शिरोलीच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे धातूच्या ओतीव भागांवर, मशीनिंग करून त्यातील बराच माल आम्ही बेळगावला पाठवतो. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मालाची किंमत ५० हजार रुपयांच्या वर असेल, तर ई-वे बिलाशिवाय, म्हणजे सरकारी संकेतस्थळावर तयार होणाऱ्या मालवाहतुकीच्या कागदाशिवाय, गाडी फाटकाबाहेर काढता येत नाही. त्यामुळे ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर पासवर्डसोबत दुसरी पडताळणीही बंधनकारक होणार हे कळले, तेव्हा तो विषय मी लगेच हाती घेतला. २० कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना हा नियम १ जानेवारी २०२५ पासून, ५ कोटींहून अधिक असणाऱ्यांना १ फेब्रुवारीपासून आणि उरलेल्या सर्वांना १ एप्रिलपासून लागू होणार होता. आम्ही शेवटच्या गटातले. पण मार्चअखेरीच्या धांदलीत नवी व्यवस्था बसवणे शक्य नसते, म्हणून ते काम मी फेब्रुवारीतच सुरू केले.

प्रत्यक्ष नोंदणी अगदी सोपी आहे. लॉगिन करून मेनूतील द्विस्तरीय पडताळणीचा पर्याय उघडायचा आणि संमती द्यायची, एवढेच. त्यानंतर प्रत्येक लॉगिनला युजरनेम आणि पासवर्डसोबत ओटीपी मागितला जातो, आणि एकदा केलेली ही नोंदणी ई-इनव्हॉइसच्या, म्हणजे विक्रीची बिले ऑनलाइन नोंदवण्याच्या, यंत्रणेलाही लागू होते. खरी अडचण आमच्या कामाच्या पद्धतीत होती. एकच युजरनेम आणि एकच पासवर्ड मालक, मी आणि डिस्पॅच पाहणारे मामा असे तिघे वापरत होतो, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र मालकांचा होता. मालक एखाद्या बैठकीत किंवा प्रवासात असले, तर संध्याकाळी भरलेली गाडी केवळ एका ओटीपीसाठी उभी राहिली असती.

यावरचा उपाय त्याच संकेतस्थळावर आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात, असे मला आसपासच्या कारखान्यांत विचारल्यावर जाणवले. मुख्य खात्यातून सब-युजर तयार करता येतात. प्रत्येकाचे युजरनेम वेगळे असते, मोबाइल नंबर वेगळा असतो, आणि कोणाला बिल तयार करण्याची व कोणाला फक्त गाडीचा क्रमांक बदलण्याची मुभा द्यायची हेही ठरवता येते. ओटीपी त्या-त्या सब-युजरच्या नंबरवर जातो. माणूस नोकरी सोडून गेला, तर त्याचे खाते गोठवता येते. मी मामांना हे सांगायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, “आता ह्ये आणि काय नवीन काढलंय, साहेब? चाललंय की सगळं!” मी त्यांना म्हणालो, “मामा, आजवर बिल कुणीही केलं तरी नोंद मालकांच्या नावावर पडायची. आता तुम्ही केलेलं बिल तुमच्या लॉगिनवर दिसेल, आणि दुसऱ्यानं केलेलं तुमच्या माथी येणार नाही.” हे मात्र त्यांना तत्काळ पटले. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलची रेंज जेमतेम असते आणि एसएमएस कधीकधी बराच उशिरा येतो. म्हणून मामांच्या फोनवर सरकारचे एनआयसी-जीएसटी-शील्ड हे ॲप ई-वे बिलाच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घेतले. ते इंटरनेट नसतानाही ओटीपी दाखवते आणि दर ३० सेकंदांनी तो बदलतो. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येक ओटीपी चुकीचा ठरत होता. कारण शोधायला वेळ गेला; अखेर लक्षात आले की फोनमधील घड्याळ काही मिनिटे पुढे होते. सेटिंगमध्ये वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला आणि अडचण संपली.

यामागची रीत समजून घेण्यासारखी आहे. अशा बहुतेक ॲपमध्ये नोंदणीच्या वेळी, बहुधा क्यूआर कोडमधून, एक गुप्त संख्या फोनला दिली जाते आणि तीच संख्या सर्व्हरकडेही असते. पुढे ती संख्या आणि चालू वेळ यांवर दोन्हीकडे एकच गणित होते आणि उत्तर जुळले की प्रवेश मिळतो. या पद्धतीचे खुले मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणूनच घड्याळ चुकले की सारे चुकते, आणि म्हणूनच त्या क्यूआर कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये; ज्याच्याकडे तो कोड, त्याच्याकडे आपले सर्व पुढचे ओटीपी.

कारखान्याच्या गूगल ईमेलसाठीही हीच पद्धत मी निवडली, कारण बँकेची पत्रे आणि पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. एसएमएसवर मला पूर्ण भरवसा नाही. आपल्या नावाचे दुसरे सिमकार्ड फसवणुकीने कोणी मिळवले, तर सारे ओटीपी त्याच्या हाती पडतात. अर्थात, ॲपमधील आकडेही कोणी फोनवर मागितले आणि आपण सांगितले, तर त्यांचा उपयोग उरत नाही, हे मी कार्यालयात सर्वांना बजावले आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक भिंतीवर लावला.

फोन हाताशी नसेल तेव्हा ओटीपीऐवजी वापरण्यासाठी गूगल ८ अंकी १० बॅकअप कोड देते. त्यांतील प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवा संच घेतला की जुना रद्द होतो. ते छापून चेकबुकांच्या कपाटात ठेवले आणि किल्ली मालकांकडे दिली. मालकांनी नवा फोन घेतला, तेव्हा जुना फोन हातात असतानाच ॲपमधील खाती नव्या फोनवर नेली, तिथून लॉगिन होते याची खात्री केली आणि मगच जुन्या फोनमधील नोंदी पुसल्या.