नांदेडला जाताय? आधी गोदाकाठ गाठा

नांदेडला आलेली बरीच मंडळी सचखंड गुरुद्वारात माथा टेकतात, लंगर घेतात आणि परतीची गाडी धरतात. गोदाकाठ राहूनच जातो. म्हणून परभणीहून सकाळच्या गाडीने उतरल्यावर आम्ही ऑटो केला तो थेट बंदा घाटाला.

जम्मूतल्या राजौरीकडचा माधोदास बैरागी याच काठावर मठ करून राहिला होता. १७०८ साली शिखांचे दहावे गुरू गोबिंदसिंघजी इथे आले, भेट झाली आणि बैराग्याचा बंदासिंघ बहादूर झाला. १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकलं. पंजाबच्या इतिहासाला आपल्या गोदाकाठी वळण मिळालं. लेकरांना हे घाटावर उभं करूनच सांगावं.

तिथून नगिना घाट. भक्ताने भेट दिलेला नगिना गुरूंनी नदीत टाकला, अशी इथली कथा. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने आलेल्या एक आजी खालच्या पायरीवर बसून बाटल्यांत गोदेचं पाणी भरत होत्या. बाटली भरली की आधी कपाळाला लावायची, मगच झाकण. त्याच पाण्यात निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या तरंगताना पाहून जीव तुटला. कृपा करून आपली पिशवी घरी परत न्या.

खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हाताऱ्या माणसांचा हात सोडू नका. पावसाळ्यात विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं. तेव्हा वरूनच दर्शन घ्या. उन्हाळ्यात दगड भाजतात आणि नदीही आटलेली असते. दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस सगळ्यात चांगले.

ऊन उतरलं की सचखंडाकडे वळा. गुरूंनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला आणि त्याआधी ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या काळातली. डोक्याला रुमाल घरूनच न्या, चपला जोडाघरात ठेवा. आपल्याकडच्या पुरुषमंडळींना खास सांगणं: खिशात तंबाखूची पुडी, गुटखा काहीही नको, आत ते अजिबात चालत नाही. संध्याकाळी आरतीच्या सुमारास गुरूंच्या शस्त्रांचं दर्शन होतं, ते चुकवू नका. लंगरात पोळी दोन्ही हात पुढे करून घ्यायची आणि पानात काही टाकायचं नाही.

जवळच्या गोबिंद बागेत दहा गुरूंची माहिती आहे, रात्री लेझर शोही असतो. त्याची वेळ दुपारीच यात्री निवासात विचारून घ्या आणि परतीचं तिकीट त्यानंतरच्या गाडीचं काढा.